देवदाराचा भुसा

१९ ऑगस्ट, मंगळवार. पिंजरे बदलायचा दिवस.

मंगळवारी मी पेणहून सकाळी साडेसहाची एसटी पकडते. रामवाडीच्या स्टॉपवर उभं राहायचं, वडखळला गाड्या तुंबल्या असतील तर तिथे बसून राहायचं, मग नागोठणं, मग रोहा. रोह्याला उतरून वरसेकडे जाणारी रिक्षा. तिथे एका खासगी संशोधन संस्थेची बैठी इमारत आहे आणि तिच्या मागच्या अंगाला प्राणीघर. ते मी चौदा वर्षं सांभाळते आहे. उंदीर सांभाळते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "आमच्या घरातले पण घेऊन जा." चौदा वर्षांत याहून वेगळं कोणी बोललेलं नाही.

आमचे उंदीर पांढरे, गुलाबी कानांचे, तळहातावर मावतील एवढे. एका पिंजऱ्यात चार. दर मंगळवारी सगळे धुतलेल्या पिंजऱ्यात हलवायचे. खाली भाताचं तूस पसरायचं, वर खाण्याच्या गोळ्या, पाण्याची बाटली, पुढे नावाच्या जागी नंबराचं कार्ड. मग रजिस्टर. तारीख, खोलीचं तापमान, खाणं, पाणी, अंथरूण, सही. रोज तेच लिहायचं असतं, म्हणून बहुतेक रकान्यांत मी "वरीलप्रमाणे" लिहिते. आधीच्या बाई तसंच लिहायच्या.

कामाचा एक क्रम ठरलेला आहे आणि तो कोणी मोडायचा नाही. ज्या उंदरांना रोगाचं काही टोचलेलं नाही त्यांचे पिंजरे आधी, टोचलेल्यांचे नंतर. टोचलेल्यांकडून हात न धुता, एप्रन-चपला न बदलता परत मागे यायचं नाही. हाताला, चपलेला, ट्रॉलीला काही लागलं तर ते निरोगी बाजूला जाता कामा नये. नव्या माणसाला मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि दुसऱ्या दिवशी चुकला तर बाहेर काढते.

त्या वर्षी खोलीत दोनच रॅक होते, प्रत्येकी सोळा पिंजऱ्यांचे. दोन्ही एका मुलीच्या पीएचडीचे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मुंबईच्या कॉलेजची, वरसेला एक खोली घेऊन राहणारी. यकृताचा कॅन्सर कसा धरतो, हे तिला पाहायचं होतं. झाला की कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे. तो होत असताना काय काय होतं, ते माणसात पाहता येत नाही. माणूस दवाखान्यात येतो तोवर गाठ झालेली असते. म्हणून उंदीर. पंधरा दिवसांच्या पिल्लाला एका रसायनाचं एकच इंजेक्शन द्यायचं. त्यानंतर काहीही करायचं नाही. पिल्लू वाढतं, खातं, भांडतं, वरून अगदी ठणठणीत. दर काही आठवड्यांनी त्यातले थोडे काढून यकृत पाहायचं. आधी डोळ्यांना काही दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या पेशींचा एखादा पुंजका दिसतो. मग मोहरीएवढे फिकट ठिपके. आठ-नऊ महिन्यांनी गाठी. नरांना लवकर धरतात म्हणून सगळे नरच ठेवलेले. हे दुसऱ्या रॅकवर. पहिल्या रॅकवर त्यांचे तेवढेच भाऊ, ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं. या दोन रॅकमधला फरक म्हणजेच तिचा सगळा अभ्यास.

म्हणजे तिचं काम इंजेक्शनच्या दिवशी आणि यकृत काढायच्या दिवशी. मधले आठ महिने माझे. त्या आठ महिन्यांत माझं काम एकच, काहीही बदलू न देणं. दिवे ठरल्या वेळी लागायचे, ठरल्या वेळी विझायचे. मे महिन्यात ती मुलगी मोगऱ्याचा गजरा माळून आत आली, तर मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

"ताई, गजऱ्याने काय होणार?"

"मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. म्हणून तो बाहेर काढून ठेव."

तिने मुकाट्याने तो बाहेरच्या खिळ्याला अडकवला होता.

तर एकोणीस तारखेला मी पहिल्या रॅकचे, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या उंदरांचे, सोळा पिंजरे उरकले. दुसऱ्या रॅकला हात लावणार तोच शेजारच्या खोलीतून हाक आली. तिथे ती मुलगी आणि आमचे पशुवैद्य डॉक्टर रक्त घेत होते. डॉक्टर पेणचेच, निवृत्तीला आलेले, आठवड्यातून दोनदा येतात. उंदराला झोपेचं इंजेक्शन द्यायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून दोन-चार थेंब रक्त घ्यायचं आणि मग जाग येईपर्यंत त्याला दिव्याच्या उबेत ठेवायचं. किती वेळाने उठला ते लिहायचं. नेहमीचं काम.

मी गेले तेव्हा डॉक्टरांनी एक उंदीर हातात धरला होता आणि त्याच्या मिशा हलत होत्या.

"हा उठला," डॉक्टर म्हणाले. "सुई लावायच्या आत उठला. औषध कमी भरलंस का गं?"

"नाही, डॉक्टर. वजनावरच दिलं. हा बघा कागद."

"मग दुसरा आण."

दुसराही लवकर उठला. तिसराही. मला त्यांनी पिंजरे आणून द्यायला उभं केलं. पहिल्या रॅकवरचे पाच उंदीर, दुसऱ्या रॅकवरचे आधीचे तीन धरून पाच. पहिल्या रॅकचे नेहमीसारखे गाढ झोपले. चौथा तर उठतोय की नाही अशी शंका यायला लागली. दुसऱ्या रॅकचे पाचही त्याच्या निम्म्या वेळात उठून चालायला लागले. दिव्याखाली एका बाजूला पाच पांढरे गोळे निपचित आणि दुसऱ्या बाजूला पाच धडपडणारे, हे चित्र मला अजून जसंच्या तसं दिसतं.

मुलीचा चेहरा लाल झाला होता. "डॉक्टर, हे उलटं आहे ना? लिव्हर बिघडलं तर औषध शरीरातून जायला जास्त वेळ लागतो. यांनी जास्त झोपायला हवं."

"हवं तर खरं."

"म्हणजे गाठी धरायच्या आधी लिव्हर दुप्पट जोराने काम करतंय. हे मी कुठे वाचलेलं नाही."

"सावकाश," डॉक्टर म्हणाले. "पाच उंदीर आहेत, पाचशे नाहीत."

पण ती सावकाश होणार नव्हती, आणि का ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तिला सहा महिन्यांचा अहवाल मुंबईच्या गाइडना पाठवायचा होता. त्यावर तिला पुढचं वर्ष मिळणार की नाही ते ठरणार होतं. तोवर जे निघालं होतं ते सगळं आधी लोकांनी पाहिलेलंच होतं. गाइड तिला फोनवर म्हणाले होते, "नवीन काय आहे यात?" तो फोन तिने माझ्यासमोरच घेतला होता. आता तिच्याकडे नवीन काहीतरी होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. "बाई, दोन रॅकमध्ये आणखी काही फरक? खाणं?"

"तेच. एकाच पोत्यातलं."

"पाणी?"

"तेच."

"दिवे, तापमान?"

"एकच खोली आहे, डॉक्टर."

"मग झालं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पिंजऱ्याच्या तळाकडे माझ्याशिवाय कोणी बघत नाही, आणि अंथरुणाचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. आमचं तूस रोह्याच्या भातगिरणीतून येतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोती आली ती ओली. उघडली तर आत हिरवट बुरशी. बुरशी यकृताला वाईट, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ती पोती मी परत पाठवली. गिरणीवाला म्हणाला, पावसात दर आठवड्याला दोनच पोती कोरडं देईन. दोन पोत्यांत एकच रॅक होतो. माझा धाकटा दीर पेणला गणपतीच्या मूर्ती बाहेरगावी पाठवायची खोकी बनवतो. त्याच्या शेडमध्ये रंधा मारताना निघालेल्या भुशाचे ढीग पडलेले असतात, कोरडे, हलके, कुरळे. मी त्याच्याच टेम्पोतून सोळा पोती आणवली. वाफेच्या यंत्रातून काढून निर्जंतुक केली. नियमाप्रमाणे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. ते आठवडाभर रजेवर होते आणि उंदीर आठवडाभर ओल्यात बसणार नव्हते. माझ्या हाताखाली कधी काही अडत नाही, याचा मला अभिमान होता. तेव्हाही वाटला.

आणि क्रम मी मोडला नाही. आधी पहिला रॅक. तूस तिथेच संपायचं. मग दुसरा रॅक, त्याला भुसा. असे सहा मंगळवार. रजिस्टरमध्ये अंथरुणाच्या रकान्यात सहाही वेळा "वरीलप्रमाणे". मुद्दाम नाही. हाताने लिहून टाकलं. पण लिहिलं मीच.

मी परत खोलीत आले. दुसऱ्या रॅकचे सोळा पिंजरे तसेच होते. भुशाचं उघडं पोतं ट्रॉलीवर होतं. मी त्यात हात घातला आणि तसाच ठेवला. पिंजरे धुणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या खाडीकाठच्या गावातून येतात, पहिल्या दिवसापासून मला एकेरीच बोलतात.

"ताय, त्या भुशाचं सांगितलंस का गो त्यांना?"

"कुठल्या भुशाचं?"

"ह्याच. वासाच्या." त्यांनी हनुवटीने पोतं दाखवलं. "यंत्रात घातलास तवा मी बोललेली नाय का, देवलात आल्यासारका वास येतोय?"

बोलल्या होत्या. मी हसले होते. नंतर तो वास आमच्या नाकांना येईनासा झाला.

"नाय सांगितलं," मी म्हणाले.

"मग ऱ्हाव दे. उरलेली पोती मी मागं जालून टाकते. उद्यापासून तूस घाल. कोनाला कलतंय?"

"बघते."

"बघ. माझ्या तोंडातून काय जानार नाय." जाता जाता त्या थांबल्या. "त्या पोरीला गजऱ्यावरून केवडी बोललेलीस तू."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या की आठवलं म्हणून, मला सांगता येत नाही.

मी पोतं बांधलं. आता गुपचूप तूस घातलं तर तो न सांगता केलेला आणखी एक बदल. भुसा घातला तर जाणूनबुजून केलेली चूक. एक दिवस उशिराने उंदरांचं काही बिघडत नव्हतं, पिंजरे फार ओले नव्हते. मी नुसती खाण्यापाण्याची सोय केली आणि रजिस्टर उघडलं. पहिल्या रॅकसमोर तूस लिहिलं. दुसऱ्या रॅकचा रकाना कोरा सोडला. चौदा वर्षांत कोरा रकाना सोडण्याची ही पहिलीच वेळ.

रजिस्टरं ठेवतो त्याच कपाटात मागच्या वर्षीचं एक प्रकरण होतं. माझ्याच वयाचा एक माणूस खोलीचं तापमान लिहायचा. एका सोमवारी मला दिसलं की त्याने शुक्रवारपर्यंतचे आकडे भरून ठेवले आहेत. मी ते पान वरिष्ठांना नेऊन दाखवलं. महिन्याच्या आत तो कामावरून गेला. त्याची बायको रोह्याच्या बाजारात भेटली तर अजून तोंड फिरवते. तेव्हा मी म्हणाले होते, खोटी नोंद ती खोटी नोंद. कारण विचारायचं नाही.

अजून मला खात्री नव्हती. लाकडाचा भुसा उंदरांना घालतात, मी इतर ठिकाणी पाहिलेलं आहे. म्हणून मी अर्धी रजा टाकली आणि तीनच्या एसटीने पेणला गेले. घरी न जाता सरळ दिराच्या शेडवर.

गणपती आठवड्यावर आले होते. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दीर गुडघ्यावर बसून एका खोक्याला आतून गवत लावत होता.

"वहिनी, आज वाट चुकलात?"

"भावजी, मला दिलात तो भुसा कुठल्या लाकडाचा?"

"का? उंदरांनी तक्रार केली? सागवान पाहिजे म्हणतात?"

"कुठल्या लाकडाचा?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली. "देवदार. खोक्याला देवदारच वापरतो आम्ही. हलका, वर कीड लागत नाही. हा बघा."

त्याने फळीवर रंधा एकदा चालवला. लांब कुरळी ढलपी निघाली. ती मी नाकाशी धरली. त्या खोलीत सहा आठवडे मला जो वास येत नव्हता तो सगळा एकदम आला.

"सगळा देवदारच होता? दुसरं काही मिसळलेलं?"

"तुम्हाला देणार म्हणून मुद्दाम निवडून भरला. आंब्याच्या फळ्यांचा भुसा बाजूला काढला. तो ओलसर असतो." तो जरा दुखावला होता. "चांगला म्हणूनच दिला ना, वहिनी."

"चांगला होता हो," मी म्हणाले. "तेच झालं."

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता मी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून वही काढली. नोकरी लागली तेव्हा पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्याची. सातव्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: "अंथरूण: तूस, मक्याच्या कणसाचा चुरा. लाकूड चालेल पण वासाचं नको. देवदार, चीड (पाइन) नको." खाली रेघ मारलेली. कारण लिहिलेलं नव्हतं. पण रेघ मारली म्हणजे शिकवणाऱ्याने दोनदा सांगितलं असणार.

कारण आता मला कळत होतं, सकाळी ते टेबलावर चालताना पाहिलं होतं. देवदाराला कीड लागत नाही ती त्या वासातल्या तेलामुळे. उंदीर रात्रंदिवस त्यात झोपतात, श्वास त्यातच घेतात, तो भुसा चावतातही. ते तेल शरीराबाहेर काढायचं काम यकृताचं. सहा आठवडे ते काम करून यकृत तयार झालं होतं. मग झोपेचं औषध आलं तर तेही झपाट्याने साफ. गाठींचा त्यात काही संबंध असेलच असं नाही. मुलीला जे नवीन सापडलं होतं, ते बहुतेक माझ्या दिराचं खोकं होतं.

आणि झोपेपुरतंच असतं तरी एकवेळ ठीक. पण यकृतच बदललं असेल, तर सप्टेंबरमध्ये शेवटच्या तुकडीत ज्या गाठी दिसतील त्या इंजेक्शनच्या किती आणि भुशाच्या किती, हे कोण सांगणार? माझा नियम पाळून मी तूस एका बाजूला आणि देवदार दुसऱ्या बाजूला इतकं व्यवस्थित लावलं होतं, की मुद्दाम केलं असतं तरी याहून नीट जमलं नसतं. नियम न पाळता दोन्हीकडे सरमिसळ केली असती तर नुकसान कमी झालं असतं.

नवरा सहाला शिफ्टवरून आला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो कंपनीत तीस वर्षं आहे, त्याला नोंदी कळतात.

"कोणी बघितलंय?"

"मावशींनी."

"त्या बोलतील?"

"नाही."

त्याने बूट काढले, मोजे बुटात कोंबले. "तुझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"ती खोटं लिहील. तिला कळणारही नाही की ते खोटं आहे. दुसरं कोणी ते वाचून त्यावर पुढचं काम करील."

"हं," तो म्हणाला. "तूस मिळतंय का कुठे?"

यासाठीच मी त्याला सांगते. आम्ही दोघं स्कूटरवरून पोह्यांच्या गिरणीवर गेलो. तिथे तूस आतल्या खोलीत, पत्र्याखाली, कोरडं खणखणीत ठेवलेलं. हवी तेवढी पोती. जुलैमध्ये मला हे सुचलं नव्हतं, कारण घरातला भुसा आयता होता. मी दोन पोती घेतली, वास घेतला, मूठभर हातात चुरडून पाहिलं.

आठ वाजता मी मुलीला फोन लावला. व्यस्त. परत लावला, व्यस्त. तिसऱ्यांदा तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, मी आईशी बोलत होते. मी तिला सांगितलं, बहुतेक पुढचं वर्ष मिळतंय."

मी म्हणाले, "अहवाल पाठवू नकोस. मी आठपर्यंत येते. मग बोलू."

"काय झालं?"

"फोनवर नाही. रजिस्टर समोर ठेवून सांगते."

ती "बरं," म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. मला ती रात्र तिला अशी घालवायला लावायची नव्हती, पण आईला दिलेली बातमी आणखी पुढे जाण्याआधी थांबवणं भाग होतं.

२० ऑगस्टला मी साडेपाचची एसटी पकडली. तुसाची दोन पोती सोबत. कंडक्टर दारातच आडवा आला.

"बाई, काय आहे यात?"

"तूस."

"तूस घेऊन रोह्याला? तिथे काय कमी आहे तुसाला?"

"उंदरांना तिथलं आवडत नाही."

त्याने मला खालून वर पाहिलं, सामानाचं तिकीट फाडलं आणि प्रवास संपेपर्यंत माझ्या बाजूला फिरकला नाही.

पावणेआठला पोचले तर मुलगी पायरीवर बसलेली. लॅपटॉप मांडीवर, बंद. मी कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवलं. उभ्यानेच सगळं सांगितलं. बुरशी, दीर, देवदार, माझी वही. वही मी आणली होती, सातवं पान उघडून दाखवलं.

तिने ते दोनदा वाचलं.

"कुठल्या तारखेपासून?"

"आठ जुलै. गेटच्या वहीत टेम्पोची नोंद आहे, पाहून घे."

"आणि कुठल्या रॅकला?"

"फक्त दुसऱ्या."

"फक्त माझ्या इंजेक्शनच्या."

"हो."

तिने रजिस्टरच्या त्या सहा ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी गजरा घालून आले तर तुम्ही मला बाहेर उभं केलंत, ताई."

"हो."

"मला वाटलं, तुमच्याकडे उंदीर आहेत म्हणजे मला त्या खोलीची काळजी नको. गाइडना मी हेच सांगायचे."

मी पेन काढलं. चुकीची नोंद खोडून काढायची नाही, गिरवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. सहाही ठिकाणी "वरीलप्रमाणे"वर एकेक आडवी रेघ मारली, शेजारी "देवदाराचा भुसा" लिहिलं, आजची तारीख, सही. ती बघत होती.

"रिपोर्टात काय लिहू?" शेवटी तिने विचारलं.

"जूनअखेरपर्यंत तू जे काढलंस त्याला काही झालेलं नाही. तेव्हा तूसच होतं, दोन्हीकडे. ते लिही. त्यानंतरचं अंथरूण बदललं, चूक प्राणीघराची, हे लिही. या पानाचा फोटो लाव, माझ्या सहीसकट."

"आणि पुढचं वर्ष?"

"ते मला माहीत नाही."

तिने डोळे पुसले, पण बाहीने, घाईत, घाम पुसावा तसे. मग डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. त्यांना मी परत सगळं सांगितलं.

"मी काल विचारलं होतं, बाई."

"अंथरुणाचं विचारलं नव्हतंत, डॉक्टर."

"सांगायला काय झालं होतं?"

"काही नाही. सांगायला हवं होतं."

"मला वरच्यांना कळवावं लागेल."

"कळवा. पण त्याआधी एक विचारते. देवदारामुळेच झालं हे आत्ता आपण नुसतं समजतोय. जास्तीच्या उंदरांच्या खोलीत न टोचलेले आठ नर आहेत. चार देवदारावर ठेवते, चार तुसावर. दोन आठवड्यांनी झोपवून बघा. देवदाराचे लवकर उठले तर हिच्या अहवालात निदान कारण तरी नक्की लिहिता येईल."

ते म्हणाले, "अंथरूण बदलायला प्राणी-प्रयोगांच्या समितीची परवानगी लागत नाही. इंजेक्शनला लागेल. अर्ज मी लिहितो. तुम्ही पिंजरे मांडा. आणि ते दुसऱ्या रॅकचं बघा आधी, कालपासून तसेच आहेत ना ते?"

"आधी पहिला रॅक बघते," मी म्हणाले. "मग दुसरा."

मुलगी टेबलाशी बसून टाइप करायला लागली होती. मावशी आल्या, पोती बघितली, आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि नळ सोडला. मी पहिल्या रॅकच्या बाटल्या तपासल्या. मग दुसऱ्या रॅकचे सोळा पिंजरे एकेक करून उतरवले, उंदीर शेपटीच्या मुळाशी धरून हलवले, पोह्यांच्या गिरणीचं तूस वाफेच्या यंत्रातून काढून दोन बोटं जाडीचं पसरलं. निघालेला देवदार वेगळ्या पोत्यात भरून तोंड बांधलं आणि त्यावर तारीख टाकली. जाळायचा नाही, असं मावशींना सांगितलं. हात धुतले, एप्रन आणि चपला बदलल्या. जास्तीच्या खोलीत दोन पिंजरे मांडले, चार-चार नर सोडले, दोन नवी कार्डं घेतली. एकावर अंथरुणाच्या रकान्यात "तूस" लिहिलं. दुसऱ्यावर "देवदार, पेण, खोक्याच्या फळीचा" असं सगळं लिहिलं, आणि रकाना पुरला नाही म्हणून उरलेलं कार्डाच्या मागे लिहिलं.